तुमची वस्तू तयार आहे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गप्पूने हिरवं बटण दाबलं, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

गप्पू हे त्याचं घरातलं नाव. चार वर्षांचा होईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, म्हणून पडलेलं. पुढे बोलायला लागला, पण अगदी लागेल तेवढंच. जे काम एका फोनवर पाच मिनिटांत झालं असतं, त्यासाठी तो तीन दिवस बसून प्रोग्राम लिहायचा आणि वर म्हणायचा, “आता पुन्हा कधी फोन करायला नको.” अशा माणसाने चांगली नोकरी सोडून घरी बसून स्वतःचं सॉफ्टवेअर तयार करायचं ठरवलं, यात कोणाला नवल वाटलं नाही. नवल एवढंच की बायकोने हो म्हटलं. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक टेबल कसंबसं बसलं आणि तिथे कंपनी सुरू झाली. मालक तोच, नोकर तोच, आणि तो अंघोळीला गेला की कंपनीला सुट्टी.

या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. पहिलं ॲप होतं घरातल्या झाडांना पाणी कधी घालायचं ते सांगणारं. ते नऊ जणांनी घेतलं. त्यांतल्या सात जणांकडे झाडंच नव्हती, ते नातेवाईक होते. दुसरं ॲप ऑफिसातल्या मीटिंगा वेळेत संपाव्यात म्हणून केलेलं. ते एका मोठ्या ऑफिसला फार आवडलं आणि घ्यावं की नाही हे ठरवायला त्यांच्या अजून मीटिंगा चालू आहेत.

तिसरं मात्र खऱ्या गरजेतून आलं. गप्पू चौकातल्या लाँड्रीत स्वतःचा कोट आणायला चार महिने उशिरा गेला, तेव्हा लाँड्रीवाल्यांनी त्याला वर बघायला सांगितलं. छताला चार दांड्या होत्या आणि चारही दांड्या लोकांनी न नेलेल्या कपड्यांनी वाकल्या होत्या. एक लग्नाचा सूट नऊ वर्षं लटकत होता. “लग्न मोडलं असेल नाहीतर माणूस अंगाने सुटला असेल,” लाँड्रीवाले म्हणाले, “पण म्हणून सूट न्यायला नको? मी फोन करतो. हो हो म्हणतात. येत कोणी नाही.” गप्पूने घरी येऊन त्याच दिवशी काम सुरू केलं. पावतीचा नंबर घातला की कपडा कुठल्या दांडीवर आहे ते दिसायचं, आणि कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर निरोप जायचा. लाँड्रीवाले चाळीस लाँड्र्यांच्या संघटनेचे सेक्रेटरी होते. त्यांनी घेतलं असतं तर बाकीच्यांनी डोळे मिटून घेतलं असतं.

पण ते घेत नव्हते. आठ महिने नुसते बदल सांगत होते. निरोपात ‘कपडे’ लिहिलं तर म्हणाले, “पडद्यांचं काय? गालिच्यांचं काय? नाटकवाल्यांचा वाघ येतो माझ्याकडे धुवायला, त्याला कपडे म्हणायचं?” म्हणून ‘वस्तू’ झालं. गप्पूने लिहिलेला निरोप ‘आपण आमच्याकडे स्वच्छतेस्तव सुपूर्द केलेली’ असा सुरू व्हायचा. तो वाचून ते म्हणाले, “हे कोर्टातून आल्यासारखं वाटतं.” शेवटी बायकोनेच भाजी चिरता चिरता सांगितलं, “लिही ना सरळ. तुमची वस्तू तयार आहे. आज चारच्या आत घेऊन जा, नंतर आमची जबाबदारी नाही.” ते त्यांना एका दमात पटलं.

मागच्या आठवड्यात आणखी एक बदल आला. पडद्यावर दोन बटणं होती. लाल बटण दाबलं की निरोप खरोखर जायचे, आणि हिरवं दाबलं की नुसते जाऊन दाखवायचे, म्हणजे चाचणी. लाँड्रीवाले म्हणाले, “लाल दिसलं की माझी माणसं हात मागे घेतात. पाठवायचं बटण हिरवं करा.” गप्पूने दोन मिनिटांत रंगांची अदलाबदल करून टाकली. बटणांचे रंग बदलणं सोपं असतं. आठ महिने हिरवं दाबायची सवय झालेल्या बोटाला मात्र ही बातमी कोणी दिली नव्हती.

आज संध्याकाळी पाच वाजता लाँड्रीवाले घरी येऊन सगळं एकदा शेवटचं बघणार होते. आणि आजच सहाच्या आत गप्पूच्या जुन्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी त्याला पुन्हा नोकरीवर बोलावलं होतं आणि जागा आजपर्यंतच धरून ठेवली होती. नवराबायकोत सरळ ठरलं होतं: लाँड्रीवाले हो म्हणाले तर कंपनी, नाहीतर साहेबांना हो. बायको काही कजाग नव्हती. पण दीड वर्ष घर तिच्या चष्म्याच्या दुकानातल्या पगारावर चाललं होतं आणि तिच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवून झाला होता. ती कधी बोलून दाखवत नव्हती, म्हणून गप्पूला जास्तच लागायचं. त्याला ही कंपनी हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि हे त्याने कोणालाच धड सांगितलं नव्हतं.

तर सकाळी शेवटची चाचणी घेऊन टाकू म्हणून तो बसला. चाचणीला गिऱ्हाइकांची यादी लागते. खोटी नावं जुळवायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने आपल्या मोबाइलमधले सगळे तीनशे बारा नंबर, जसे नोंदवले होते तसेच, आत ओतले. दुकानाच्या जागी स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता टाकला. हिरवं बटण दाबलं. पडद्यावर रोज ‘निरोप गेले असते’ असं यायचं. आज ‘तीनशे बारा निरोप गेले’ असं आलं. तो थोडा वेळ चष्मा पुसत बसला, आणि मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“अगं,” तो म्हणाला.

आज बायकोची दुकानाची सुट्टी होती. ती स्वयंपाकघरातून ताबडतोब आली, कारण गप्पू आपणहून कोणाला हाक मारत नाही. सगळं ऐकल्यावर तिने विचारलं, “मग दुसरा निरोप पाठव ना, चुकून गेला म्हणून.”

“जात नाही. दिवसाला तेवढेच पाठवता येतात. संपले.”

“मग फोन करू या.”

“तीनशे बारा जणांना?” गप्पूचा चेहरा पांढरा पडला. बायकोने स्वतःच फोन घेतला आणि चार जणांना लावला. त्यांतले तिघं आधीच घरून निघाले होते.

पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांना फक्त जिना उतरायचा होता. दारातच त्यांनी मोबाइल लांब धरून मोठ्याने वाचलं, “नमस्कार, वरच्या काकू पातेलं. तुमची वस्तू तयार आहे.” मग चष्मा कपाळावर नेला. “हे पातेलं माझं आडनाव आहे का रे?”

गप्पूने नंबर जसे लक्षात राहतील तसे नोंदवलेले होते, आणि निरोप प्रत्येकाला नावानिशी गेला होता. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं, आणि मघाचं संकट त्याला बरं वाटू लागलं.

“चार वर्षं झाली नेऊन,” काकू आत येत म्हणाल्या. “मी ह्यांना म्हटलं होतं, मुलगा चांगला आहे, एक ना एक दिवस देईल.”

गप्पूची आई पातेल्यात तांदूळ ठेवत असे. तिने ते निमूटपणे परातीत ओतले, परात भरल्यावर उशीच्या अभ्र्यात ओतले, आणि पातेलं घासून पुसून काकूंच्या हातात दिलं. “तयार म्हणजे काय, कल्हई केलीत की काय?” काकूंनी आत डोकावून विचारलं. नाही म्हटल्यावर त्या जरा हिरमुसल्या, पण गेल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या. आणखी कोण येतंय ते त्यांना बघायचं होतं.

मग सुतार आला. येताना पुस्तकांचं कपाट घेऊन आला, जे आठ महिन्यांपासून त्याच्याकडे अडकलेलं होतं. घामाघूम होऊन त्याने ते जिन्यात टेकवलं आणि मान खाली घालून उभा राहिला. “ताई, राग आला असेल तर सांगायचं होतं. पण असं लिहायचं? ‘नमस्कार, सुतार उद्या देतो.’ माझ्या पोरीने वाचून दाखवलं सगळ्यांसमोर. आणि वर ‘तुमची वस्तू तयार आहे’. हा टोमणा मला कळतो. हे वाक्य मी बोलायचं असतं.”

“नाही हो, तसं नाही,” गप्पू म्हणाला.

“असू दे साहेब. चूक माझीच. रंग तेवढा राहिलाय, तो उद्या देतो.”

कपाट दारातून आत जाईना. ते जिन्यातच राहिलं आणि पुढे येणारी माणसं त्याच्या फळ्यांवर पिशव्या ठेवू लागली. बारा वाजेपर्यंत सात जण झाले. मामा आले ते थेट पलंगावर बसले. सतरा वर्षांपूर्वी गप्पूने कॉम्प्युटर शिकायला घेतला तेव्हा मामांनी त्याला आपला रेडिओ दुरुस्तीला दिला होता. तो माळ्यावर बुटांच्या खोक्यात होता, पण सुटा. “अरे, निरोपात तयार म्हणतोस,” मामा खोक्यात बघत म्हणाले. “बरं, मला घाई नाही. तू जोड, मी बसतो.”

फोन वाजतच होते. दातांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, “तुमची कवळी मी करतोय, तुम्ही माझं काय तयार केलंत?” कवळी गप्पूच्या आईची होती. तिने फोन घेतला आणि नवी कवळी कधी मिळणार ते विचारून घेतलं, म्हणजे तेवढं तरी काम झालं.

विमा एजंट आला तो हसतमुखाने. सहा वर्षं तो गप्पूला फोन करत होता आणि गप्पू उचलत नव्हता. त्याला आज पहिल्यांदा आपणहून बोलावणं आलं होतं. आल्या आल्या त्याने आईला वाकून नमस्कार केला.

“तुमची कुठली वस्तू राहिलीय आमच्याकडे?” बायकोने विचारलं.

“वस्तू कशाला ताई, आठवण ठेवलीत हेच पुष्कळ.” मग तो जवळ सरकून हळूच म्हणाला, “फक्त एक विचारायचं होतं. मला निरोप आला, ‘नमस्कार, उचलू नये दोन’. मी दोन, तर मग एक कोण? कुठल्या कंपनीचा आहे?”

दारात चपलांचा ढीग झाला होता. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिना चढून आले, ढिगाकडे बघितलं, आतली गर्दी बघितली आणि चेहरा पाडून कोपऱ्यात जाऊन बसले. आईने त्यांना चहा विचारला, तर त्यांनी नुसता हात हलवला. दहा मिनिटांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फार सोसलं का?” मामा रेडिओच्या विचारात होते. “सतरा वर्षं,” ते म्हणाले. पोस्टमास्तरांनी डोळे टिपले.

एक वाजेपर्यंत बायकोच्या लक्षात आलं की असं चालायचं नाही. लाँड्रीवाल्यांकडून नमुन्यासाठी म्हणून आणलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या गप्पूच्या टेबलावर होत्या. तिने त्या घेतल्या, दारात स्टूल टाकलं, मांडीवर वही ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. नंबर, नाव, काय राहिलंय. तिच्या आवाजात चष्म्याच्या दुकानातला सराईतपणा होता. माणसं मुकाट्याने ओळीत उभी राहिली आणि ओळ जिन्यावरून खाली गेली.

आणि मग वहीत एक गंमत दिसू लागली. पातेली, छत्र्या, ड्रिल मशीन हे निम्मंच होतं. उरलेले निम्मे लोक न्यायला आले होते ते सॉफ्टवेअर. कोणाच्या दवाखान्याची नंबर लावायची सोय, कोणाच्या वाचनालयाची यादी. गप्पूला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटलं की पुढे दोन वाक्यं जास्त बोलावं लागतं. तो ‘करतो’ म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. आत्तेबहीण आपल्या लग्नाची वेबसाइट न्यायला आली होती, बरोबर दोन मुलं होती आणि थोरली तिसरीत होती. “आता काय उपयोग, पण तू तयार म्हणालास, म्हटलं बघून तरी येऊ,” ती म्हणाली.

गप्पूला सुटता येईना, तेव्हा तो बोलू लागला. दुसरा इलाजच नव्हता. एकेक माणूस समोर यायचा आणि तो प्रत्येकाला खरं सांगायचा: तयार नाही, निरोप चुकून गेला, आणि खरं म्हणजे मी विसरलोच होतो. पहिल्यांदा सांगताना तो समोरच्याच्या चिठ्ठीकडेच बघत होता. पाचव्यांदा सांगताना तो समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू शकला. गंमत अशी की कोणी चिडलं नाही. शिव्या खायची त्याने तयारी ठेवली होती, आणि माणसं चहा मागत होती.

शाळेच्या मुख्याध्यापिका तेरा नंबरवर होत्या. त्यांना त्याने दोन वर्षांपूर्वी शाळेचं वेळापत्रक आपोआप लावून देणारा प्रोग्राम कबूल केला होता. त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. पेन्सिलीने आखलेले चौकोन होते आणि खोडून खोडून मधे कागदाला भोकं पडली होती. “एक शिक्षिका आजारी पडली की मी हे पहिल्यापासून करते,” त्या म्हणाल्या. “दुसरीकडे विचारलं असतं, पण तुम्ही करतो म्हणाला होतात ना.” गप्पूने कागदाच्या भोकावरून बोट फिरवलं. त्याला खूप लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी चांगलंही वाटलं. दीड वर्ष त्याची समजूत होती की त्याने केलेलं कोणालाच नको आहे. इथे माणसं दोन दोन वर्षं वाट बघत होती.

बायको दारातून हे बघत होती. तिने वहीत तेरा नंबरपुढे लिहिलं, वेळापत्रक, आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

साडेतीनला जुन्या साहेबांचा नंबर लागला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. जिन्यातून वर येताना त्यांना तीनदा रांगेत मागे पाठवलं गेलं होतं आणि हातात सतरा नंबरची चिठ्ठी होती. तरी ते खुशीत होते. “मला निरोप मिळाला,” ते गप्पूचा हात हातात घेऊन म्हणाले. “तुमची वस्तू तयार आहे, घेऊन जा. मला कळलं तुला काय म्हणायचंय. सरळ बोलायचा तुझा स्वभाव नाही, मला माहीत आहे. तू तयार झालास. मी कागद घेऊनच आलोय.”

सकाळपासून पंचवीसेक माणसांशी बोललेला गप्पू इथे पुन्हा चार वर्षांचा झाला. त्याने बायकोकडे बघितलं. पोस्टमास्तरांनीसुद्धा मान वर केली.

लाँड्रीवाल्यांचा अजून पत्ता नव्हता. बायकोने हे सगळं मनात एकदा फिरवलं असणार, पगार, चप्पल, सहाची मुदत. मग तिने वही उघडली.

“साहेब, तुमचा नंबर कितवा?”

“सतरा.”

“ह्याच्याकडे तुमच्याआधी सोळा चिठ्ठ्या आहेत. आठ जणांच्या वस्तू आजच गेल्या, पण आठ प्रोग्राम राहिलेत आणि चिठ्ठ्यांच्या आधीचा एक रेडिओ. ते झाल्याशिवाय ह्याला बाहेर पाठवता येणार नाही.”

“अहो पण, जागा आजपर्यंतच आहे.”

“मग दुसऱ्या कोणाला द्या ती. ह्याला इथे काम आहे.” ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की साहेबांना वाद कुठून घालायचा ते समजेना. गप्पूला मात्र समोरची बायको जरा धूसर दिसू लागली आणि त्याने पुन्हा चष्मा पुसायला घेतला. बायको त्याला म्हणाली, “एक अट आहे. इथून पुढे करतो म्हणायचं नाही. कोणी काही मागितलं की माझ्याकडे पाठवायचं. वही माझ्याकडे राहील.” गप्पू म्हणाला, “बरं.” त्या एका शब्दात पुष्कळ काही होतं आणि ते तिला कळलं. साहेबांनी फाइल काखेत मारली, आणि आईने चहा पुढे केला तेव्हा खाली बसले. सतरा नंबर असा निकालात निघाला.

अठरा, एकोणीस आणि वीस झाले. एकविसावे दारात आले ते लाँड्रीवाले होते. ते दोन वाजल्यापासून रांगेत उभे होते. दुकान बंद करून आले होते, आणि त्यांनी दुकान दुपारी बंद केल्याचं आजवर कोणी बघितलं नव्हतं. आपल्या सॉफ्टवेअरने तीनशे बारा माणसांना चुकीचे निरोप पाठवले, हे आता गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. त्याने सांगितलं. अगदी बटणाच्या रंगापासून सांगितलं आणि रंग तुम्ही बदलायला लावलात हे मुद्दाम गाळलं.

लाँड्रीवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ते मला खाली रांगेतच समजलं,” ते म्हणाले. “दोन तास मी प्रत्येकाला विचारत होतो, का आलात? कोणी बारा वर्षांचं घेऊन जायला आलंय, कोणी दहा वर्षांचं. इंजिनियरसाहेब, मी माणसांना घरी जाऊन सांगितलंय, हात जोडलेत, तरी लोक स्वतःचा सूट न्यायला येत नाहीत. आणि इथे काय न्यायचं ते माहीत नसताना जिना भरलाय.” मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तो गप्पूसमोर धरला. पडद्यावर निरोप होता, ‘नमस्कार, लाँड्री शेवटची आशा’.

गप्पू कानापर्यंत लाल झाला. “ते मी आपलं, लक्षात राहावं म्हणून,” तो पुटपुटला.

“तीस वर्षं धंदा केला,” लाँड्रीवाले म्हणाले. “डाग तसाच राहिला, बटण तुटलं, हेच ऐकत आलो. मला कोणी असं काही म्हटलेलं नाही.” त्यांचा आवाज जरा जड झाला, म्हणून ते बायकोकडे वळून खरखरीत स्वरात म्हणाले, “सोमवारपासून चालू करा माझ्याकडे. महिनाभर नीट चाललं की चाळीस दुकानांना मी सांगतो. निरोपातला शब्द मात्र बदलायचा नाही.”

संध्याकाळी शेवटचा माणूस गेला तेव्हा घरात पातेलं नव्हतं, शिडी नव्हती, दोन छत्र्या आणि बैठकीची एक खुर्चीही नव्हती, कारण ती खुर्ची मुळात मेहुण्याची निघाली. घरात कोणी गेलेलं नाही हे पोस्टमास्तरांना कळल्यावर त्यांनी उरलेला चहा रागाने प्यायला. गप्पू भिंतीला टेकून जमिनीवर बसला. त्याचा आवाज पार बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

सोमवारी लाँड्रीतून निरोप सुटले. गप्पू आणि बायको दोघंही लांबून बघायला गेली होती. मंगळवारी दुकानासमोर रांग लागली, बुधवारी ती वळणापर्यंत गेली, आणि शुक्रवारी सकाळी एका बाईने येऊन नऊ वर्षांचा सूटसुद्धा नेला. गप्पूला रात्री नीट झोप लागू लागली. वेळापत्रकाचं काम त्याने सुरू केलं.

शनिवारी दुपारी लाँड्रीवाल्यांचा फोन आला. गप्पूने पहिल्याच घंटेला उचलला.

“इंजिनियरसाहेब, जरा तक्रार आहे,” ते म्हणाले. आवाज पडलेला होता. “चारही दांड्या रिकाम्या झाल्या.”

“मग? चांगलंच झालं की.”

“कसलं चांगलं. वर बघितलं की नुसतं छत दिसतं. करमत नाही मला दुकानात. त्या एकेका कोटाशी ओळख होती हो माझी. आणि नवं गिऱ्हाईक दारात येतं, आत बघतं, एक कपडा दिसत नाही. त्याला वाटतं धंदा बसला. परत जातं. आज सकाळपासून तिघं गेले. हे असं चाळीस दुकानांत करता येणार नाही. सगळे माझ्या अंगावर येतील. तुम्ही एक करा. जरा कमी चालेल असं करून द्या.”

“कमी म्हणजे?”

“म्हणजे निम्म्यांना निरोप जावा, निम्म्यांचा राहावा. कधी उशिरा जावा. एखाद्याचा पंधरा दिवस जाऊच नये. मग देतो चाळिसांना.”

गप्पूने फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. बायको पलंगावर वही घेऊन बसली होती. तिने लिहिणं थांबवलं.

“काय म्हणाले? बंद करतायत का?”

“नाही. फार चालतंय म्हणाले.” गप्पूच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत होतं. “थोडं बिघडवून मागतायत. बिघडवून दिलं की चाळीस दुकानं घेणार.”

बायको बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, दीड वर्षाचं साठलेलं असावं, कारण ते थांबेचना. वही मांडीवरून खाली पडली, आई बाहेरून काय झालं म्हणून बघायला आली, तरी ती हसतच होती. शेवटी डोळे पुसून तिने वही उचलली आणि नवं पान उघडलं.

“कर सुरू,” ती म्हणाली. “तेवढं तुला नक्की जमेल.”